यंत्रसामग्री : एक नग, पांढरी

आमचा क्लेम मंजूर झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरात गेली काही वर्षं सगळे तसंच समजतात आणि सवय झाली की जमतं. कुणी विषय काढलाच तर तात्या म्हणतात, "कसला क्लेम?" काकी म्हणते, "चहा टाकू का?" आणि मी दूध आणायला जातो, घरात दूध असलं तरी.

तर क्लेम वगैरे काही झालेलं नाही. झालं ते एवढंच, की लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी, लग्नसराई कोरडी गेल्यावर, एका सकाळी आमच्या बार्शीच्या घराच्या ओट्यावर विमा एजंट राजमाने एकावर एक दोन मास्क लावून बसले होते आणि माझे चुलते भानुतात्या त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारत होते.

"धंदा बंद हाय का न्हाय?"

"बंद आहे, तात्या."

"पॉलिसीचं नाव काय?"

"व्यवसाय खंड विमा."

"मग द्या की."

राजमान्यांनी वरचा मास्क खाली केला. खालचा तसाच ठेवला. बोलणं गंभीर होणार असलं की ते असं करत.

"तात्या, धंदा बंद पडला म्हणून विमा मिळत नसतो. कशानं बंद पडला ते बघतात. आग लागली, पूर आला, मशीन मोडलं, तर मिळतो. काहीतरी मोडलेलं दिसलं पाहिजे."

"करोनानं बंद पडला."

"करोनानं काय मोडलं?"

"कंबरडं," काकी आतून म्हणाली.

"ते पॉलिसीत नाही, काकी."

आमचा धंदा म्हणजे नवजीवन ब्रास बँड. तात्या मालक. मी, म्हणजे अविष्कार वायदंडे, बी.एस्सी. आणि ताशा. बाकीची मंडळी तेव्हा पांगली होती. क्लॅरिनेटवाले कांदे विकत होते, ट्रम्पेटवाल्यांनी मास्क शिवायला घेतले होते. फुंकून जगलेल्या माणसानं तोंड झाकायचा माल विकावा, हे त्यांना स्वतःलाही जरा लागलं होतं. वाद्यांचं काही नव्हतं. पितळ खायला मागत नाही. मागत होती ती बेबीताई.

बेबीताई ही आमची घोडी. अकलूजच्या बाजारातून आणली तेव्हा तिचं नाव बेबी होतं. पुढं वय वाढलं, अंग भरलं, स्वभाव कडक झाला, तसं गल्लीनं आपोआप ताई लावलं. पांढरी, नाचरी. बार्शीतल्या निम्म्या नवऱ्यांनी आयुष्यातली शेवटची उंची तिच्या पाठीवर बसून बघितली होती. पण मार्चपासून ती परड्यात उभी होती आणि तिचा कडबा, भुसा, हरभरा मात्र लग्नसराईच्या हिशेबानं चालू होता. अकलूजचे घोड्यांचे व्यापारी निवृत्ती मगर रोज फोन करायचे. "तात्या, तब्येत कशी आहे?" विचारायचे. तब्येत म्हणजे बेबीताईची. तात्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की विम्याचं जमलं नाही तर घेऊन जा. सांगितलं त्या दिवशी तात्या जेवले नव्हते आणि पोट बिघडलंय म्हणाले होते.

राजमाने पॉलिसी चाळत होते. चाळता चाळता थांबले आणि त्यांनी दुसराही मास्क खाली केला. हे आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तात्या, तुमच्या पॉलिसीत यंत्रसामग्री एकच आहे."

"कोन्ती?"

"बेबीताई."

त्याचं असं झालं होतं. पॉलिसी काढताना छापील कागदावर फर्निचर, माल आणि यंत्रसामग्री एवढेच रकाने होते. घोडी फर्निचर नव्हती, कारण ती हलायची. माल नव्हती, कारण विकायची नव्हती. मग राजमान्यांनी मनापासून विचार करून लिहिलं होतं : यंत्रसामग्री, एक नग, पांढरी. इंधन : हरभरा. कंपनीनं एवढ्या वर्षांत शंका काढली नव्हती. उलट दरवर्षी घसारा धरून तिची किंमत थोडी थोडी कमी केली होती.

"आता यंत्र बंद पडलं असेल," राजमाने म्हणाले, "तर क्लेम बसतो. सर्वेअर येईल, चालवून बघेल. चालली नाही तर बिघाड."

"खोटं बोलायचं न्हाय," तात्या म्हणाले.

"बोलायचंच नाही. तुम्ही फक्त ती खूण करायची नाही."

खूण म्हणजे टाळूला जीभ लावून काढलेला आवाज. टक्. तात्यांनी टक् केलं की बेबीताई नाचायला लागायची. मग ताशा तिच्या पायांना लय द्यायचा. आणि गाणं संपलं की मी शेवटचे तीन ठोके द्यायचो. त्या तीन ठोक्यांवर ती थांबायची. त्याशिवाय नाही. ही तात्यांची शिकवण. आमच्यात गाणं अर्धवट सोडत नाहीत. मुलीकडचे आणि मुलाकडचे हाणामारीवर आले तरी आधी गाणं संपवायचं, मग पळायचं.

तात्या परड्याकडे बघत राहिले. मार्चपासून त्यांनी एकदाही टक् केलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी काकीला हळूच विचारलं.

"भेत्यात," काकी म्हणाली. "एवढं दिस नुसती उभी हाय ती. यांनी खूण केली आन् ती इसरलेली निघाली तर? त्यापरास न इचारल्यालं बरं."

सर्वेअर दिवटे सोलापूरहून आले. तेव्हा एका जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरतानाही माणूस परदेशातून आल्यासारखा दिसायचा. अंगभर पांढरा पीपीई किट, तोंडासमोर प्लास्टिकची काच, हातात निळे मोजे, आणि त्या सगळ्याच्या आत कुठंतरी दिवटे. त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा.

"मशीन कुठं आहे?"

तात्यांनी परड्याकडे बोट केलं. दिवटे गेले, बेबीताईकडे पाहिलं, मागं वळून परड्यात आणखी काही आहे का ते पाहिलं, पुन्हा बेबीताईकडे पाहिलं.

"ही घोडी आहे."

"होय साहेब," राजमाने म्हणाले. "पण कंपनीनं मशीन म्हणून मान्य केलेली आहे."

मला वाटलं, संपलं. पण दिवटे हे नोकरीत मुरलेले गृहस्थ होते. डोळ्यांना दिसतं ते खरं, की कंपनीच्या कागदावर आहे ते खरं, असा प्रश्न पडायचं त्यांचं वय निघून गेलं होतं.

"उत्पादनाचं वर्ष?"

"दात बघून सांगतो," तात्या म्हणाले.

"सर्व्हिसिंग?"

"दर अवसंला नाल बगतो."

"आवाज करते का?"

"सकाळी."

दिवट्यांनी सगळं लिहून घेतलं. मग बेबीताईभोवती एक चक्कर मारली आणि ढोपराजवळ निळ्या बोटानं टकटक केलं. बेबीताईनं मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी असतो तर राजीनामा दिला असता.

"चालवून दाखवा."

तात्यांनी लगाम धरून तिला गल्लीत आणलं. निघताना काकीनं सवयीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि गुळाचा खडा दिला. घोडी उंबऱ्याबाहेर निघाली की ते व्हायचंच, मग लग्न असो की विमा. मी ताशा गळ्यात अडकवून उभा राहिलो. वाजवायचा नव्हता, पण राजमाने म्हणाले होते, पुरावा म्हणून सगळी जोडणी दिसायला हवी.

बेबीताई उभी राहिली. नुसती. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले.

"लोड टाकून बघावं लागेल," दिवटे म्हणाले.

"म्हंजी?"

"यंत्र रिकामं चालतं की लोडवर, हे रिपोर्टात लिहावं लागतं. लोड कोण असतो?"

"नवरा," मी म्हणालो.

दिवट्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नवरा उपलब्ध नव्हता. मग राजमान्यांनी घरातलं स्टूल आणलं आणि आम्ही तिघांनी मिळून दिवट्यांना वर चढवलं. किट सरसर वाजलं. गल्लीतल्या गच्च्यांवर एव्हाना माणसं जमली होती. तीन महिन्यांत लोकांनी फक्त एकमेकांचे वाळत घातलेले कपडे पाहिले होते; त्यामुळे घोडीवर बसलेला पांढरा माणूस ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती.

बेबीताई हलली नाही. राजमान्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तात्या मात्र तिच्या पायांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा क्लेम बसत चाललेल्या माणसाचा नव्हता.

दिवट्यांनी वर बसूनच लिहायला घेतलं. लिहिता लिहिता, सहज, वाईट हेतू न ठेवता, ते म्हणाले, "स्पष्टच आहे. पूर्ण बंद. खरं सांगू का, ही कधी नाचत असेल असं वाटतही नाही. भंगारच आहे."

काकीनं दारातून, "अवो," एवढंच म्हटलं. तिला कळलं होतं.

टक्.

बेबीताईचे कान उभे राहिले. मग मान. मग ती मागच्या पायांवर अशी काही वर आली, की दिवट्यांचं पेन बाजूच्या पन्हाळीत जाऊन पडलं.

"आव्या!" तात्या ओरडले. "वाजीव!"

"तात्या, क्लेम..."

"वाजीव म्हन्तो न्हवं!"

मी वाजवला. काय वाजवलं ते आठवत नाही. हात आपोआप चालले. बेबीताई नाचत होती. एवढ्या दिवसांचं राहिलेलं सगळं काढून नाचत होती. पुढचे दोन पाय आळीपाळीनं उचलायची, गोल फिरायची, मान झटकायची. दिवटे तिच्या मानेला मिठी मारून, "नोंद घेतली! नोंद घेतली!" असं ओरडत होते. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे होते. मास्क हनुवटीवर. रडत होते की हसत होते ते सांगता येणार नाही, कारण दोन्ही करताना त्यांचं तोंड सारखंच दिसतं.

राजमाने ओट्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही मास्क वर ओढले.

इथवर क्लेम हातचा गेला होता. तो परत आणला हवालदारांनी. ते गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून धावतच आले. तेव्हा चारपेक्षा जास्त माणसं दिसली की त्यांना धावावं लागायचं. आल्या आल्या त्यांनी माझ्या हातातल्या ताशाच्या काड्या हिसकावून घेतल्या.

"वरात काढता व्हय रं? परवानगी कुठाय?"

"साहेब, काड्या द्या, गाणं संपलं नाही..."

"तुझं गाणं संपवतो मी ठाण्यात."

ताशा थांबला. बेबीताई थांबली नाही. शेवटचे तीन ठोके पडले नव्हते, म्हणजे तिच्या लेखी गाणं चालू होतं. आणि गाणं चालू असताना वरात कुठं जाते हे तिला पक्कं माहीत होतं. मंगल कार्यालयाकडे. ती दिवट्यांसकट नाचत नाचत गल्लीबाहेर पडली.

मागं तात्या, तात्यांमागं मी, माझ्यामागं हवालदार, सगळ्यांच्या मागं राजमाने, सुरक्षित अंतर ठेवून. बंद दुकानांच्या रस्त्यावरून अशी वरात बार्शीनं आधी पाहिली नव्हती. बँड नाही, वऱ्हाड नाही, नवऱ्याला चेहरा नाही. तरी लोक गॅलऱ्यांत धावत आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका गच्चीवरून तर एका बाईंनी घाईघाईनं आत जाऊन तांदूळ आणले आणि दिवट्यांच्या अंगावर टाकले.

"मी विवाहित आहे!" दिवटे डब्यातून ओरडले.

"असू दे, असू दे," बाई म्हणाल्या. "सुखी राहा."

मंगल कार्यालयाच्या गेटला कुलूप होतं. बेबीताई त्या कुलपासमोर नाचत राहिली. आतून कुणी ओवाळायला येईना, म्हणून जास्तच नाचत राहिली. तात्या धापा टाकत पोचले, मागं वळले आणि हवालदारांपुढं हात केला.

"काठी द्या."

"काय?"

"काठी द्या सायेब, लवकर. मानूस पडंल."

हवालदारांनी दिली. सरकारी काठी अशी मागून मिळते हे मला त्या दिवशी कळलं. तात्यांनी ती लोखंडी गेटवर जोरात मारली. एक. दोन. तीन.

बेबीताई जागच्या जागी थांबली. मग तिनं नाकातून मोठा श्वास सोडला आणि काम झाल्यासारखी तात्यांच्या खांद्यावर मान ठेवली.

दिवट्यांना खाली उतरवलं. त्यांच्या किटच्या आत वाफ धरली होती. त्यांनी काच वर केली आणि आम्हाला पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. बारीक मिशी होती.

"पेन आहे का कुणाकडे?" ते म्हणाले.

रिपोर्टात त्यांनी काय लिहिलं ते राजमान्यांनी पुढच्या आठवड्यात आम्हाला वाचून दाखवलं. "सदर यंत्र सुरू होते, परंतु बंद होत नाही. लोडसह अनियंत्रित अवस्थेत सुमारे पाऊण किलोमीटर चालल्याचे निम्नस्वाक्षरीकर्त्याने प्रत्यक्ष अनुभवले. बिघाड गंभीर. यंत्र पूर्ण निकामी समजावे." खाली सही, शिक्का. व्यवसाय खंडासह क्लेम मंजूर.

काकीनं देवापुढं साखर ठेवली. राजमाने उठून नाचायच्या बेतात होते, पण आमच्या परड्याकडे बघून बसले. तात्यांनी मगरांना फोन लावला आणि म्हणाले, "तब्येत बरी हाय. येऊ नका."

मग कंपनीतून फोन आला. एक मुलगी बोलत होती. गोड बोलत होती.

"सर, अभिनंदन. निकामी यंत्र कधी उचलू?"

"काय उचलता?" तात्या म्हणाले.

"भंगार, सर. पूर्ण निकामी यंत्राचे पैसे दिले की ते यंत्र कंपनीचं होतं. आम्ही लिलाव करतो. टेम्पो पाठवते. फक्त त्यातलं ऑईल तेवढं काढून ठेवा."

तात्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, "मॅडम, लिलावात कोण घेतं?"

"त्या त्या मालाचे व्यापारी असतात ना, सर. तुमच्या यंत्रासाठी एकांची चौकशी आलीसुद्धा. अकलूजचे आहेत."

राजमाने हिशेब मांडायला लागले. या पैशात दुसरी घोडी येईल, तरुण येईल, वर थोडे उरतील. त्यांचं काही चुकत नव्हतं. तात्या ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते उठले, परड्यात गेले, आणि आम्हाला आतून आवाज आला.

टक्.

आणि खुरांचा आवाज.

मग पत्र्यावर तीन ठोके.

तात्या परत आले, हात धुतले आणि काकीला म्हणाले, "जेवायला वाढ." त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. राजमान्यांना म्हणाले, "क्लेम नगं. परत घ्या म्हनावं."

"मंजूर झालेला क्लेम परत घेता येत नाही, तात्या. तशी सोयच नाही."

"मग कसला क्लेम?" तात्या म्हणाले.

ते वाक्य तेव्हापासून चालू आहे.

आता पुढं खायचं काय, हा प्रश्न होताच. तो सोडवला गच्चीवरून तांदूळ टाकणाऱ्या बाईंनी. त्या एका मुलीच्या आई निघाल्या. त्यांचा निरोप आला, की लग्न पन्नास माणसांत करायचं आहे. बँड लावला तर बँडवालेच मोजण्यात जातात आणि मामा, मावशा घरी राहतात. "पण घोडीला माणसांत मोजत नाहीत, मी विचारून घेतलंय," बाई म्हणाल्या. "आणि तुमची तर बँडशिवाय नाचते. आम्ही बघितलंय की."

त्या वर्षी बेबीताईनं एकटीनं धंदा केला. वाजंत्री नाही, नुसतं तात्यांचं टक्. तात्या मात्र मोजले जायचे, त्यामुळे प्रत्येक लग्नात एक मामा गळायचा. शेवटचे तीन ठोके तात्या जे मिळेल त्याच्यावर द्यायचे. पातेल्यावर, खुर्चीवर, एकदा तर नवऱ्याच्या बुलेटच्या टाकीवर.

पण कंपनीच्या दफ्तरी आमचा क्लेम अजून मंजूर आहे, पैसे अजून द्यायचे आहेत आणि यंत्र अजून यायचं आहे. म्हणून दरवर्षी पत्र येतं. आम्ही ते आलंच नाही असं समजतो. यंदा मात्र तात्यांनी ते मला वाचायला लावलं, बराच वेळ परड्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "लिव्ह उत्तर. मी सांगतो, तू जरा शुद्ध कर." ते असं :

प्रति,
मा. शाखाधिकारी,

विषय : निकामी यंत्र ताब्यात न देण्याबाबत.

महोदय,

आपले पत्र मिळाले. सदर यंत्र आमच्याकडेच असून या क्षणी परड्यात उन्हाला उभे आहे. यंत्राचे वय झाले आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते. दात गेल्यामुळे इंधन भिजवून, भरडून द्यावे लागते. गेल्या दिवाळीपासून लोड घेणे बंद केले आहे. तथापि रोज सकाळी मालकाने खूण केली असता यंत्र उजवा पाय उचलते, थोडा विचार करते व परत खाली ठेवते. यावरून ते सुरू आहे हे आपल्या लक्षात येईल.

आपल्या सर्वेअरसाहेबांनी सदर यंत्र सुरू होते पण बंद होत नाही, असे सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेले आहे. आम्ही त्या अहवालावर पूर्ण विश्वास ठेवून आहोत.

सबब विनंती, की सदर यंत्र यापुढेही कधीच बंद होणार नाही, अशी लेखी हमी कंपनीने उलट टपाली द्यावी. ती मिळेपर्यंत आमच्याकडून शेवटचे तीन ठोके वाजवले जाणार नाहीत, याचीही कृपया नोंद घ्यावी.

कळावे,
भानुदास वायदंडे
नवजीवन ब्रास बँड, बार्शी